रूझगार वार

पहाटेचे पावणेपाच वाजले होते. तुर्कस्तानात, कप्पादोकिया भागातल्या गोरेमे गावात, आमच्या हॉटेलच्या दगडी पायरीवर मी आणि आई गाडीची वाट बघत बसलो होतो. आईनं पंजाबी ड्रेसवर स्वेटर, स्वेटरवर शाल आणि शालीवर माझं जुनं जॅकेट असा सगळा जामानिमा केला होता. दोन्ही गुडघ्यांना पट्टे आवळले होते, कारण गरम हवेच्या बलूनच्या टोपलीत पाय टाकून चढावं लागतं हे तिनं मोबाइलवर बघितलं होतं, आणि दोन महिने ती पुण्यात घरच्या पलंगावर चढउतार करून सराव करत होती. एप्रिल २०२४, पण थंडी आपल्याकडच्या पौषासारखी. अंगणात जर्दाळूचं झाड फुललेलं, त्यावर हॉटेलचा पिवळा दिवा. गाडी आली ती वीस मिनिटं उशिरा. पंचविशीतला एक पोरगा उतरला. आमच्यासाठी दार उघडायचं सोडून त्यानं दोन्ही हात हलवले. "नो फ्लाय. सॉरी, नो फ्लाय." मी विचारलं, का? त्याला इंग्रजी शब्द सापडेना. शेवटी म्हणाला, "रूझगार. रूझगार वार."

मला ऐकू आलं 'रोजगार'. संपबिंप आहे की काय, असं वाटलं. आई मात्र शेजारून शांतपणे म्हणाली, "वारा आहे म्हणतोय तो."

मग मी भांडले. त्या जर्दाळूच्या झाडाकडे बोट दाखवून म्हणाले, कुठाय वारा? एक पान हलत नाहीये, एक पाकळी गळत नाहीये. पोरानं नुसतं बोट वर केलं. मी त्याचा अर्थ 'वरून हुकूम आहे' असा घेतला आणि आणखीच चिडले, कारण 'वरून हुकूम' ऐकत तर आपण सगळा जन्म इकडे काढलेला असतो. आम्ही किती लांबून आलोय, माझी आई ६७ वर्षांची आहे, परत यायचं तिला जमणार नाही, उद्या सकाळी आमचं विमान आहे, हे सगळं मी त्याला ऐकवलं. तो तीनदा सॉरी म्हणाला. तिसऱ्यांदा म्हणताना आईकडे बघून म्हणाला, माझ्याकडे नाही. मग गाडीत बसून पुढच्या हॉटेलातल्या माणसांना हेच सांगायला निघून गेला. दुसऱ्या दिवशी विमानतळावर बसून मी इंटरनेटवर त्या बलून कंपनीला एक तारा दिला आणि खाली लिहिलं की हवा पूर्ण शांत असताना उड्डाण रद्द करून म्हाताऱ्या माणसांची निराशा करतात. चांगलं मुद्देसूद लिहिलं होतं. कॉलेजात निबंधाला बक्षिसं मिळवलेली आहेत मी.

पैसे चार दिवसांत परत आले. तेवढा भाग मी त्या मजकुरात घातला नव्हता.

हे विसरले असते. पण जून २०२५ मध्ये एका सकाळी चहा पिताना बातमी दिसली. तुर्कस्तानातच, गोरेमेहून फार लांब नाही अशा अक्सराय प्रांतात, एक बलून उतरताना वाऱ्यानं अचानक दिशा बदलली, टोपली आपटली आणि पायलट गेला. प्रवासी इंडोनेशियाचे होते, काही जखमी झाले. पायलटचा पाय दोरात अडकला होता म्हणे. १५ जूनची गोष्ट. त्याच दिवशी ब्राझीलमध्ये साव पावलो राज्यातही एक बलून कोसळला आणि एक तरुण बाई गेली. चहा निवत होता, मी एकातून दुसरी बातमी उघडत गेले. ऑक्टोबर २०२२ मध्ये खुद्द कप्पादोकियात वाऱ्यामुळे बलून जोरात जमिनीवर आदळला आणि दोन स्पॅनिश पर्यटक दगावले होते. म्हणजे आम्ही तिथे गेलो त्याच्या जेमतेम दीड वर्ष आधी. तिकीट काढताना हे आमच्यापैकी कुणी शोधलं नव्हतं. आम्ही शोधलं होतं ते फोटोत कुठल्या रंगाचे कपडे उठून दिसतात.

त्या दिवसापासून तो पोरगा, त्याचं वर केलेलं बोट आणि ते न हलणारं झाड डोक्यातून जाईना. खरं तर वारा कळणारं माणूस माझ्या शेजारीच बसलं होतं, आणि त्याचा गुण माहेरचा होता. आईचं माहेर सिन्नर तालुक्यातलं. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही जायचो तेव्हा बाजरीचं खळं चालू असायचं. मळून झालेल्या बाजरीची रास मध्ये, आणि आबा, म्हणजे आईचे वडील, तिवईवर उभे. खालून मामा पाट्या भरून द्यायचा, आबा ती डोक्याच्या वर धरून हळूहळू सोडायचे, दाणे सरळ खाली पडायचे आणि भुसा पिवळ्या पडद्यासारखा लांब उडत जायचा. आम्हा पोरांना त्या भुशाच्या बाजूला उभं राहायला बंदी होती, म्हणून आम्ही तिथेच उभे राहायचो आणि रात्रभर अंग खाजवत बसायचो. पण मला उफणणीपेक्षा जास्त आठवते ती उफणणीची वाट बघणं. वारा पडला की सगळं थांबायचं. आबा तिवईवरून उतरायचेही नाहीत, तिथेच बसून तंबाखू मळायचे. मधूनच भुशाची चिमूट उचलून बोटांतून सोडायचे. सरळ पायाशी पडली की पुन्हा तंबाखू. बांधावर एक कडुलिंबाचं झाड होतं, त्याच्याकडे आबांची नजर असायची. खालच्या फांद्यांकडे नव्हे, शेंड्याकडे. "वारा आधी शेंड्याला कळतो," म्हणायचे, "मग आपल्याला." शेंडा डुलायला लागला की ते गुडघ्यांवर हात ठेवून उठायचे, पाटी हातात घ्यायचे, आणि मग कुठे आमच्या कानाला गार लागायचं.

आकाशातल्या फुग्याचा आईला नाद लागला तोही याच शिवारामुळे. २६ नोव्हेंबर २००५ ला उद्योगपती विजयपत सिंघानिया मुंबईत महालक्ष्मीच्या रेसकोर्सवरून उडाले, गरम हवेच्या बलूनमधून २१ हजार मीटरच्या वर गेले, जगात कुणी गेलं नव्हतं इतके, आणि खाली आले ते थेट सिन्नर तालुक्यात, पांचाळ्याला. मामा मोटरसायकल काढून बघायला गेला होता. त्यानं संध्याकाळी आईला फोन करून जे वर्णन केलं ते मी स्पीकरवर ऐकलं आहे. विक्रमाचं त्याला काही नव्हतं. त्याचं म्हणणं एवढंच, की इतका पैसेवाला माणूस, इतकं मोठं यंत्र, पण कुठं उतरायचं ते काही त्याच्या हातात नाही. वारं म्हणेल त्याचं वावर. सिंघानिया तेव्हा ६७ वर्षांचे होते. आईनं तो आकडा इतकी वर्षं जपून ठेवला होता, हे मला तिकीट काढताना कळलं. "त्या वयाचा माणूस अंतराळाच्या दारापर्यंत जाऊन आला," ती म्हणाली, "मला निदान झाडाच्या वर तरी ने."

मामा बोलून गेला ते बलूनचं सगळं शास्त्र आहे. बलूनला सुकाणू नसतं, ब्रेक नसतो. पायलटच्या हातात दोनच गोष्टी: बर्नर पेटवून हवा तापवायची, म्हणजे वर, डोक्यावरची झडप दोरीनं उघडून गरम हवा सोडायची, म्हणजे खाली. आडवं जायचं ते वाऱ्यानं. वेगवेगळ्या उंचीवर वारा वेगवेगळ्या दिशेला वाहतो, म्हणून कसलेला पायलट वरखाली होत आपल्याला हवा तो थर शोधतो, जणू एका एसटीतून उतरून दुसरी पकडावी. उडण्याआधी ही माणसं एक छोटा फुगा आकाशात सोडतात आणि मान वर करून तो कुठे कुठे वळतो ते बघत राहतात. ते चित्र पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला आबांची चिमूट आठवली. आणि गंमत म्हणजे टोपलीत उभ्या असलेल्या माणसाला वारा लागतच नाही. आपण वाऱ्याबरोबरच चाललेले असतो, त्याच्याच वेगानं, त्यामुळे ओढणीचा पदरही हलत नाही. खाली झाडं सरकताना दिसतात म्हणून कळायचं, की आपण जोरात चाललोय. वाऱ्याचा खरा वेग कळतो तो टोपली जमिनीला लागते तेव्हाच. तोवर डोक्यावरच्या त्या प्रचंड कापडात कोंडलेली हवा, मोठ्या बलूनमध्ये तिचंच वजन काही टन भरतं, ती आपल्या गतीनं पुढे निघालेली असते, आणि कापड आता शिडासारखं वारा धरतं. माणसांनी भरलेली टोपली मग आडवी होऊन ढेकळांवरून फरपटत जाते.

आपल्याकडे म्हणतात, वारा पाहून पाठ द्यावी. कंपनीनं पाठवलेल्या व्हिडिओत उतरताना कसं बसायचं ते दाखवलं होतं: गुडघे वाकवायचे, आतल्या दोरीच्या कड्या घट्ट धरायच्या, आणि ज्या दिशेला चाललोय तिकडे पाठ टेकवून बसायचं. म्हणजे वारा जिथून येतो तिकडे तोंड. म्हणीच्या बरोब्बर उलट. आईनं पलंगावर याचाही सराव केला होता.

पण त्या पहाटे पान का हलत नव्हतं? याचं उत्तर मला पुढे वाचून कळलं, आणि कळल्यावर लाज वाटली, कारण ते उत्तर त्या सकाळी आईनं मला दिलं होतं. पोरगा निघून गेल्यावर मी धुमसत पायरीवर बसले होते आणि आई समोर बघत होती. उजाडायला लागलं होतं. दरीच्या पलीकडे कुणाच्या तरी घरी शेगडी पेटली होती आणि धुराड्यातून धूर निघत होता. "धूर बघ," आई म्हणाली. धूर सरळ वर जात होता, काठीसारखा. मी म्हटलं, बघ ना, सरळ चाललाय, म्हणजे वारा नाही. ती म्हणाली, "अगं, वरपर्यंत बघ." दोन-तीन माळ्यांच्या उंचीला तो धूर एकदम मोडला होता आणि तिथून आडवा, चिरगुटासारखा फाटत चालला होता. मी बघितलं आणि बघितलं नाही असं केलं. रागावलेल्या माणसाला धूर दिसत नाही.

रात्रभर जमीन गार होत जाते, तिला टेकलेली हवा गार आणि जड होऊन दरीत साचते, परातीत पाणी साचावं तशी. वरचा वारा तिला ढवळू शकत नाही. तो तिच्यावरून घसरत निघून जातो, उलट खालचं घर्षण सुटल्यामुळे रात्री आणखी वेग घेतो. म्हणून पहाटे खाली अगदी चिडीचूप. बलून पहाटे उडवतात ते याच शांततेच्या भरवशावर. पण सूर्य वर आला, जमीन तापली, की खालची हवा उठायला लागते, दोन थर एकमेकांत मिसळतात आणि वरचा वेगवान वारा खाली उतरतो. उड्डाण तासाभराचं. म्हणजे चढताना एक हवा आणि उतरताना दुसरी. चढताना पान हलत नव्हतं, याचा उतरताना काडीचा उपयोग नाही. कप्पादोकियात हा निर्णय कंपनीच्या हातातही नसतो. तिथलं नागरी विमान खातं रोज पहाटे हिरवा, पिवळा किंवा लाल बावटा दाखवतं आणि लाल असला की शंभराहून जास्त बलूनांची कापडं तशीच गुंडाळलेली राहतात. त्या पोराच्या बोटाचे दोन्ही अर्थ खरे होते. वरून हुकूम होता आणि वर वारा होता.

एक कबूल करते. त्या सकाळी चहा घेऊन आम्ही गावामागच्या टेकडीवर गेलो. आई दर वीस पावलांवर थांबत, पण वर आली. माथ्यावर वारा होता. ओढणी फडफडत होती, आईचे पांढरे केस कपाळावर येत होते, बोलताना जरा आवाज चढवावा लागत होता. पण बस, एवढंच. आपल्याकडे गच्चीवर कपडे वाळत घालताना असतो तेवढा. मला वाटलं, एवढ्याला? हा वारा? आणि आजही, सगळं वाचून झाल्यावरही, माझ्या मनाचा एक कोपरा म्हणतोच, उडवलं असतं तर काही झालं नसतं. बहुधा झालंही नसतं. हेच त्यातलं अवघड. रद्द केलेल्या उड्डाणाचा कुणाला पुरावा देता येत नाही. न झालेला अपघात दिसत नाही, दिसते ती फक्त पलंगावर सराव केलेली बाई.

झालेले मात्र दिसतात. २३ ऑगस्ट २०१२, स्लोव्हेनिया, ल्युब्लियानाजवळची दलदल. सकाळी एक बलून उडाला, टोपलीत ३२ माणसं. वादळी वारा आला, पायलट उतरवायला बघत असताना बलून झाडांवर गेला आणि पेटला. सहा जण गेले. जानेवारी २०१८, इजिप्तमधलं लक्सर. नाईलच्या पलीकडे, फराओंच्या थडग्यांवरून सूर्योदय बघायला निघालेला बलून जोराच्या वाऱ्यानं वाट सोडून गेला आणि दक्षिण आफ्रिकेहून आलेला एक पर्यटक दगावला. जून २०२१, अल्बुकर्की, अमेरिका. वाऱ्यानं बलून विजेच्या तारांवर नेला, टोपली तुटून खाली आली, पाचही जण गेले. पायलटच्या रक्तात अमली पदार्थ सापडले होते, ते वेगळं. या बातम्या एकापाठोपाठ एक वाचल्या की एक दिसतं: वारा स्वतः कुणाला मारत नाही. तो फक्त नेतो. झाडाशी नेतो, तारेशी नेतो, दगडाशी नेतो.

आणि कधी कधी तर नेतही नाही, जागेवरच काम करतो. सप्टेंबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशात, मंदसौर जिल्ह्यात गांधीसागरला मुख्यमंत्री मोहन यादव बलूनच्या टोपलीत उभे होते. बलून जमिनीवरच होता. वारा ताशी वीसेक किलोमीटर. तेवढ्यानं फुगा कलला, बर्नरच्या ज्वाळेला कापडाची कड लागली आणि खालचा भाग पेटला. माणसांनी टोपली धरून ठेवली, आग विझवली, कुणाला काही झालं नाही. तो व्हिडिओ आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आला तेव्हा खाली हसणाऱ्या तोंडांची रांग लागली होती. मी तो पुन्हा पुन्हा बघितला तो त्या टोपलीला लोंबकळणाऱ्या माणसांसाठी. मोठ्या माणसाला 'आज नको' म्हणायचं काम तिथे कुणाचं होतं, ते म्हणता आलं असतं का, हे मला कळेना. मी काही मुख्यमंत्री नाही, पण त्या पोराला माझ्यासमोर ते म्हणताना किती जड गेलं ते मी पाहिलेलं आहे.

रूझगार हा शब्द मग एकदा बसून शोधला. तुर्कीत वारा. 'वार' म्हणजे 'आहे'. म्हणजे आईनं 'वार' ऐकून 'वारा' ओळखला तो साफ चुकीच्या शब्दावरून, आणि अर्थ मात्र अचूक लावला. पण खरा धक्का पुढे होता. रूझगार मूळचा फारसी. रोझगार, म्हणजे दिवस, काळ, दिवसमान. तोच शब्द फिरत फिरत इकडे आला आणि आपला रोजगार झाला. मला पहिल्यांदा ऐकू आलं होतं तेही चूक नव्हतं तर. एकाच शब्दाचा एक पाय आमच्या खळ्यात आणि एक त्यांच्या दरीत. आबांचा वारा आला नाही तर दाणे घरात यायचे नाहीत. त्या पोराचा वारा आला की त्याची गाडी रिकामी परत जायची.

परवा, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, मी ते लिहिलेलं उघडलं. एक तारा, खाली माझे सहा मुद्देसूद वाक्यांचे दात. अठरा जणांना ते 'उपयुक्त' वाटलं होतं. पुसून टाकलं. त्या जागी काही नवं लिहावं म्हणून बराच वेळ बसले, पण 'उड्डाण रद्द केल्याबद्दल आभार' हे वाक्य काही केल्या खरं वाटेना. अजून थोडा राग आहेच. आईचे गुडघे आता जिन्यालाही कुरकुरतात. कामशेतला बलून उडतो म्हणे, इथून तास-दीड तासावर, हे मी तिला सांगून बघितलं होतं. "बघू," म्हणाली, आणि विषय बदलला.

ती गॅलरीत तूर निवडत बसली होती. मी तिला रूझगार आणि रोजगाराची गोष्ट सांगितली. तिनं सुपातला कचरा फुंकला, तो कठड्यावरून कुठे जातो ते जरा बघितलं, आणि म्हणाली, "आपले पैसे आले परत. त्या पोराला त्या दिवसाचे मिळाले असतील का गं?"